घरी कोण असतं

रिसाली, भिलाई
डिसेंबर

प्रिय शेवंता,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, सगळं ठीक आहे. मी ठीक आहे, घर ठीक आहे, मागचं मुनग्याचं झाडही अजून उभं आहे. रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू कधी एकटी नसतेस. फोन आपल्या नातीच्या, टीनाच्या हातात असतो. ती आधी मला पंखा दाखवते, मग तिचे नवे बूट, आणि मग कुठे तरी कोपऱ्यात तुझा अर्धा चेहरा दिसतो. मागून सुनेच्या, खुशबूच्या ऑफिसच्या मीटिंगचा आवाज येत असतो. तू विचारतेस, जेवले का. मी म्हणतो, हो. मी विचारतो, तिकडे पुण्याला पाणी येतं का. तू म्हणतेस, टँकर आला होता. तेवढ्यात टीना फोन बंद करते. एवढंच आपलं बोलणं. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने पाठवतो आहे. दुपारी टीना झोपली की वाच. कुणाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

लिहायला बसलो की हातातून शाळेतलं मराठी उतरतं, ते तुला थोडं परकं वाटेल. तुमसरच्या शाळेत मास्तरांनी निबंध लिहून घेतले, त्यानंतर मी मराठीत काही लिहिलंच नाही. प्लांटमध्ये सगळं हिंदीत आणि इंग्रजीत. आणि बोलायचंही फार काम नव्हतं. क्रेनच्या केबिनमध्ये मी वर एकटा, खालून माणसं हाताने इशारे करायची, त्यावर सगळी नोकरी झाली. घरी आलो की तू बोलायचीस आणि मी ऐकायचो. घरातलं बोलणं म्हणजे तुझंच बोलणं होतं, हे तू गेल्यावर कळलं.

इकडच्या बातम्या सांगतो. थंडी चांगली पडली आहे. समोरच्या प्लॉटवर तीन मजली घर उभं राहून राहिलं, त्यामुळे सकाळचं ऊन आता ओसरीवर उशिरा येतं. विहाराला नवा रंग दिला, निळा जरा जास्तच गडद झाला असं सगळे म्हणतात. शेजारच्या सहोदराबाई तुझी आठवण काढतात. फाटकाशी दिसलो की विचारतात, 'दीदी कब आही?' मी म्हणतो, आएगी. मुनग्याला एवढ्या शेंगा लागल्या की मी अर्ध्या त्यांना देऊन टाकल्या. आणि मी स्वयंपाक शिकलो. खरंच शिकलो. भाकरी अजून जमत नाही, कडा फाटतात, पण पोळी गोल येते. लाल भाजी, मुगाची डाळ, दोडका, हे सगळं येतं. हे सगळं शिकायची वेळ का आली, तेच आता सांगतो.

एप्रिलमध्ये जयंतीला विहारात आरोग्य शिबिर ठेवलं होतं. मी खुर्च्या लावायला गेलो होतो. त्या दिवसांत मला तहान फार लागायची. उन्हाळा आहे, भिलाईचा उन्हाळा आहे, असं मी मनाला सांगायचो. पँट सैल झाली होती, ती तू नसल्यामुळे झाली असं खुर्सीपारच्या दुकानवाल्या कवडूला सांगून आम्ही हसलो होतो. रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं, ते वयामुळे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. शिबिरातल्या नर्सने बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं, मग दुसऱ्या बोटाला टोचली. मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. ती म्हणाली, 'काका, काही गोड खाल्लं का आत्ता?' मी म्हटलं, सकाळपासून फक्त चहा. ती म्हणाली, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा.

हो, शेवंता. मला साखरेचा आजार निघाला. आठ महिने झाले. मी तुला सांगितलं नाही. पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण आहेत, आपल्या धम्मपालपेक्षाही लहान असतील. मॅडमला मराठी येत नाही, पण बोलणं शांत. त्यांनी रक्त तपासायला लावलं. एक तपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. माझी साडेनऊच्या वर निघाली. सहाच्या खाली असायला हवी होती. मग डोळे पाहिले, पायांना पिसासारखं काही लावून विचारलं, कळतं का. लघवी तपासली. हे सगळं चांगलं निघालं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही वेळेत आलात, अजून कुठे नुकसान झालेलं नाही. म्हणून आपण सुरुवातीलाच नेट लावू. पुढच्या तीन-चार महिन्यांत ही सरासरी सातच्या खाली आणायची, जमलं तर साडेसहा. आत्ता नीट सांभाळलं तर पुढची कितीतरी वर्षं त्याचा फायदा मिळतो. दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. त्यातली एक साखर जोरात उतरवते, म्हणून ती घेऊन उपाशी राहायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि मग विचारलं, 'घर में कौन रहता है?'

मी म्हटलं, मिसेस आहे.

खोटं नव्हतं ते. बायको आहेच की मला. मॅडम म्हणाल्या, मग छान. साखर कमी झाली तर घाम येतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं, अशा वेळी माणसाला स्वतःचं स्वतः काही करता येत नाही. तेव्हा लगेच साखरेचं पाणी द्यायचं, हे त्यांना सांगून ठेवा. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. मी मान हलवली. बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना वाटलं, परत आत जावं आणि सांगावं. पण रांगेत बरीच माणसं होती. आणि काय सांगायचं? ती गेली तेव्हा टीना व्हायची होती, आता टीना शाळेत जाते, हे एका अनोळखी बाईला कसं सांगायचं?

मी कामाला लागलो. तुला माहीत आहे, प्लांटमध्ये फळ्यावर टारगेट लिहिलेलं असायचं आणि ते पार केल्याशिवाय मला चैन पडायची नाही. सात हे आता माझं टारगेट झालं. भात बंद केला. आपण भंडाऱ्याकडची माणसं, दोन्ही वेळ भाताशिवाय ताटावरून उठलो नाही कधी, आणि मी एका दिवसात बंद केला. साखरेचा डबा सहोदराबाईंना देऊन टाकला, गुळाचा खडाही घरात ठेवला नाही. सकाळी चालायला जायचो, संध्याकाळी पुन्हा. वजन उतरलं. बोटातली साखर दर आठवड्याला कमी दिसायची आणि मला वाटायचं, जिंकून राहिलो आपण.

पण एक गोष्ट मॅडमला सांगितली नव्हती. संध्याकाळचं जेवण मी बरेचदा करायचोच नाही. त्यात उपास नव्हता की नेम नव्हता. चालून घरी यायचो, दिवा लावायचो, आणि एका माणसासाठी कणीक भिजवायची म्हटलं की हात उठायचा नाही. परात घ्यायची, पोळपाट घ्यायचा, तवा तापवायचा, दोन पोळ्या लाटायच्या, आणि मग टीव्हीसमोर बसून त्या पाच मिनिटांत संपवायच्या. त्यापेक्षा काकडी खाऊन गोळी घेतली की झालं. साखरही कमी राहते, असं मी स्वतःला समजावलं. एखाद्याला वाटेल, माणूस किती शिस्तीचा. खरं म्हणजे मला एकट्याने जेवायचा कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याला मी पथ्य म्हणत होतो.

पोळ्याच्या दिवशीची गोष्ट. आदल्या रात्री जेवलो नव्हतो. सकाळी गोळी घेतली आणि सणाच्या दिवशी रस्त्याला गर्दी नसते म्हणून लांब चालायला गेलो. परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. दूध गॅसवर ठेवलं आणि अंगातून एकदम घाम सुटला, अंघोळ केल्यासारखा. हात पाहिले तर ते माझे वाटेनात. दूध उतू जात होतं, ते मला दिसत होतं, पण गॅस बंद करण्यासाठी काय करावं लागतं हेच आठवेना. एवढी वर्षं मी माणसांच्या डोक्यावरून टनावारी लोखंड नेलं, आणि मला गॅसचं बटण सापडेना. मी ओट्याला धरून खाली बसलो. बसलो की पडलो, ते नक्की सांगता येत नाही.

आणि मी तुला हाक मारली. 'शेवंता' म्हणून. आयुष्यभर मी तुला 'अवं' म्हणत आलो, पाहुण्यांपुढे 'धम्मपालची आई' म्हणत आलो. तुझं नाव मोठ्याने घेतल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी घेतलं. एकदा नाही, पुष्कळदा घेतलं. मला वाटत होतं, तू मागे कपडे वाळत घालते आहेस, आणि ऐकू येत नाही म्हणून येत नाहीस. मला तुझा रागही आला. तू इथे नाहीस, हे डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

घरात गोड काही नव्हतं, ते मीच बाहेर काढलं होतं. पण सकाळी सहोदराबाईंनी सणाचा फराळ म्हणून ठेठरी-खुरमी आणून दिली होती. खुरमीत गूळ असतो म्हणून मी ती झाकून, कुणाला तरी देऊन टाकू म्हणून, खालच्या फळीवर सरकवून ठेवली होती. तो डबा माझ्या डोळ्यांसमोर होता. झाकण उघडता उघडेना, मग दातांनी ओढलं. जमिनीवर सांडलेली खुरमी मी तशीच खाल्ली, लहान मुलासारखी, दोन्ही हातांनी. हळूहळू भिंती जागेवर आल्या. दूध आटून जळलं होतं आणि घरभर वास सुटला होता. मी उठलो, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, पातेलं घासलं. ते पातेलं अजून काळंच आहे. सगळं आवरून झाल्यावर ओसरीवर येऊन बसलो. रस्त्यावर पोरं मातीचे बैल दोरीने ओढत होती. कुणाला काही कळलंच नव्हतं. माझं काय झालं असतं तरी कुणाला कळलं नसतं, असं मनात आलं, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी तुमचा फोन आला. तुला तो फोन आठवणार नाही, रोजच्यासारखाच होता. टीनाने बैलाचं चित्र काढलं होतं, बैलाला पाच पाय होते. तू विचारलंस, 'जेवले का?' मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, 'आवाज कावून असा येते तुमचा?' मी म्हटलं, नेटवर्क बरोबर नाही. मग टीनाने फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. सगळं सांगितलं. मॅडमने एकच विचारलं, 'मिसेस कहाँ थीं?' तेव्हा मी म्हटलं, मॅडम, घरी कोणी नसतं. मिसेस पुण्याला आहे, मुलाकडे, नातीसाठी. मी एकटाच राहतो.

हे वाक्य मी तोपर्यंत कुणापाशी बोललो नव्हतो. लोकांना सांगायचो, ती थोड्या दिवसांसाठी गेली आहे, दिवाळीला येईल, टीना जरा मोठी झाली की येईल. त्या खोलीत ते वाक्य बोललो आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मॅडम रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'अंकल, टारगेट रिपोर्ट देखकर नहीं रखते, आदमी देखकर रखते हैं.' मग त्यांनी समजावलं. घरात लक्ष ठेवायला कुणी असतं तेव्हा साखर थोडी खाली धरता येते. माणूस एकटा असेल तर पडण्याचा धोका जास्त, म्हणून आकडा जरा सैल ठेवायचा. आता साडेसातपर्यंत चालेल. ती जोराची गोळी बंद केली, दुसरी दिली, ती एकाएकी साखर उतरवत नाही. खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला सांगितलं. भात पूर्ण सोडायची गरज नाही म्हणाल्या, वाटीभर खा, पण दोन्ही वेळ ताट वाढून जेवा. माझं पहिलं टारगेट त्यांनी असं ठरवलं की पडायचं नाही. दुसरं, संध्याकाळचं जेवण चुकवायचं नाही. आकडा तिसऱ्या नंबरवर गेला.

मी उठायला लागलो तर त्या म्हणाल्या, हे सगळं मी ठरवलं. तुम्हाला स्वतःला काय हवं आहे? कशासाठी बरं राहायचं आहे? असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

तिथून घरी जायची इच्छा झाली नाही. सायकल खुर्सीपारकडे वळवली. कवडू दुकानात बसला होता. त्याच्या पायाची दोन बोटं साखरेनेच गेली आहेत, तुला माहीत आहे, तरी दुकान सोडत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'वहिनीले सांगतलं का?'

'नाही.'

'कावून?'

मी म्हटलं, 'सांगतलं त येईन न थे.'

'मंग येऊ दे न.'

मी म्हटलं, 'साखरेसाठी नको यायले.'

कवडूला ते कळलं नाही. पण आत कांता वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांना कळलं असावं. त्या बाहेर आल्या, चहा ठेवला, माझा बिनसाखरेचा, आणि म्हणाल्या, 'भाऊजी, एक विचारू? तुमी तिले कदी ये मनलं का?'

मी म्हटलं, तिचंच घर आहे, ये म्हणायला ती काय पाहुणी आहे? वहिनी म्हणाल्या, 'थे मले फोनवर बोलली होती. मने, कवडू भाऊजी एक दिवस बाहेरगावी गेले त तुले दहा फोन करतात. आमच्या घरचे मले एकदाबी ये नाही मनत. त्याहिले तिकडं बरं वाटत असन एकट्याले.' एवढं बोलून त्या पुन्हा आत गेल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी चहा प्यायलो. गिऱ्हाईक आलं, त्याला साबण दिला, सुटे पैसे दिले. मी बसून राहिलो.

शेवंता, मला एकट्याला बरं वाटत नाही.

मी ये म्हटलं नाही, कारण मला वाटायचं तुला तिकडेच बरं वाटतं. खुशबूने तुमच्या बागेतला व्हिडिओ पाठवला होता, त्यात तू चार बायकांबरोबर बाकावर बसून हसते आहेस, पदराने डोळे पुसून हसते आहेस. तशी हसताना मी तुला फार वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या शिफ्टप्रमाणे तू झोपलीस, उठलीस, डबे भरलेस, आयुष्यभर तेच केलंस. मनात आलं, सुटली बिचारी. तिला आता परत कशाला ओढायचं? आणि तू तिकडे समजत होतीस, मी इकडे सुखात आहे. आणि रोज फोनवर तू जेवले का विचारत होतीस, मी पाणी आलं का.

त्या दिवसापासून मी मॅडमच्या सांगण्याप्रमाणे राहतो आहे. सहोदराबाईंना सगळं सांगून ठेवलं. सकाळी माझं फाटक उघडलेलं दिसलं नाही तर त्या भिंतीवरून हाक मारतात, आणि मी उत्तर देईपर्यंत हाका मारतच राहतात. एक किल्ली त्यांच्याकडे दिली आहे. संध्याकाळी कणीक भिजवतो. सुरुवातीला जड गेलं, आता हात आपोआप परातीकडे जातो. टीव्ही बंद ठेवून जेवतो. वाटीभर भातही घेतो, पहिल्या दिवशी तो घास तोंडात घेतला तेव्हा डोळे पुसावे लागले, भातासाठी कुणी रडतं का? रविवारी कवडूकडे जातो. त्याचे पाय धुवून पाहायचं काम मी घेतलं आहे, कांता वहिनींना बारीक दिसत नाही. त्यानंतर साखर एकदाही तशी उतरली नाही.

मागच्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. सात पूर्णांक दोन. मॅडमने तो मला दाखवला आणि म्हणाल्या, आपलं ठरलं होतं त्यापेक्षा चांगला आला, आणि न पडता आला. मग त्या हसून म्हणाल्या, तुमचं उत्तर राहिलं आहे. त्या विसरल्या असतील असं मला वाटलं होतं, पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी म्हटलं, मॅडम, मला जेवताना समोर माणूस पाहिजे. कोणीही नाही, माझी बायको पाहिजे. त्या म्हणाल्या, 'यह बात मुझे नहीं, उनको बोलिए.'

आता तुला कळलं असेल, एप्रिलपासून आजपर्यंत मी गप्प का राहिलो ते. पोळ्याच्या संध्याकाळी फोनवर रडलो असतो तर तू मिळेल त्या गाडीने आली असतीस. टीनाला टाकून, बागेतला बाक टाकून आली असतीस, आणि माझ्या गोळ्या मोजत बसली असतीस. आजारी नवऱ्याने बोलावलं तर बाईला नाही म्हणता येत नाही. तसं मला तुला बोलवायचं नव्हतं. म्हणून हा रिपोर्ट यायची वाट पाहिली. आता मी बरा आहे, माझी पोळी मी करतो, माझी गोळी मला आठवते, तुझ्या येण्यावाचून माझं काही अडलेलं नाही. आता तू नाही म्हणू शकतेस. टीनाला अजून तू लागतेस असं वाटलं तर नाही म्हण, तिकडे मन रमलं असेल तरी नाही म्हण. वर्षाचे सहा महिने तिकडे आणि सहा इकडे म्हणालीस तरी चालेल. मीच तिकडे यावं असं म्हणालीस तर, धम्मपालला एकदा नाही म्हणून बसलो होतो, पण तू म्हणालीस तर मी त्याचाही विचार करीन. विचारायला उशीर केला, पण विचारतो आहे. शेवंता, येतेस का?

तुझाच,
भय्याजी